रुग्णसेवेचे ऋण

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहा, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. सोलापूर म्हटले की भुईकोट किल्ला, सिद्धरामेश्वरांचा तलाव आणि गिरण्या यांचाच इतिहास प्रथम डोळ्यांपुढे येतो. परंतु त्यावर आपल्या भगिनींनी पूर्वी पुष्कळ लिहिले आहे. म्हणून मी एक निराळाच विषय घेतला आहे. साथीच्या दिवसांत ज्यांनी आपली शुश्रूषा केली, त्यांचे ऋण आपल्या समाजाने कसे फेडले, किंवा कसे फेडले नाही, हा तो विषय.

आरंभ स्वतःपासूनच करणे बरे. 22 मार्च 2020 या दिवशी सायंकाळी 5 वाजता सगळ्या देशाने डॉक्टर, परिचारिका व सफाई कामगार यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या. मीही सासूबाईंच्या वेळची पितळी परात घेऊन गॅलरीत उभी राहिले होते, आणि माझे डोळे खरोखरच भरून आले होते. पुढे एप्रिलच्या मध्यास सोलापुरात पहिला रुग्ण सापडला. दाटीवाटीच्या पेठांतून, विड्या वळणाऱ्या आणि यंत्रमागावर राबणाऱ्या घरांतून साथ पसरू लागली. आमच्या इमारतीत शहरातील एका रुग्णालयात काम करणाऱ्या सिस्टर राहतात. रात्रपाळीहून आल्यावर त्यांनी सर्वांच्या नळावर पाणी भरू नये, असे इमारतीतील मंडळींनी ठरवले. त्या बैठकीस मी हजर होते. मी ठरावाच्या बाजूने बोलले नाही, पण विरोधही केला नाही. परात वाजवणारे हात त्या दिवशी मांडीवर स्वस्थ पडून होते.

हे आपल्याच पिढीचे वैगुण्य की पूर्वीही असेच होते, हे पाहावे म्हणून मी जुन्या साथींची माहिती वाचू लागले.

1896 साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. रेल्वेच्या मार्गाने तो इलाखाभर पसरला, आणि गिरण्यांमुळे झपाट्याने वाढलेल्या सोलापुरालाही त्याने सोडले नाही. 1901 च्या शिरगणतीत आपल्या शहराची वस्ती 75,288 होती. त्या काळी घरात उंदीर मरून पडला की माणसे घर सोडून गावाबाहेर माळावर झोपड्या घालून राहत. सरकारने 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगाचा कायदा केला. तो अवघ्या चार कलमांचा होता. त्याच्या जोरावर घरझडत्या झाल्या, रोग्यांना सक्तीने हलवण्यात आले. पुण्यात गोऱ्या शिपायांनी केलेल्या जुलमाची परिणती 22 जून 1897 रोजी रँडवरील गोळीबारात झाली, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. रुग्णालय म्हणजे मरणाचे घर, अशी भीती लोकांच्या मनात बसली ती याच दिवसांत. जे आपले माणूस ओढून नेतात त्यांच्याविषयी कृतज्ञता कशी वाटावी? म्हणून त्या काळच्या लोकांना मी सर्वस्वी दोष देत नाही.

परंतु त्याच 1897 साली, सक्तीने नव्हे तर मायेने रोगी उचलून आणणारी एक स्त्रीही पुण्यात होती. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन तेथे आणले. त्या सेवेतच त्यांना स्वतःला प्लेग झाला, आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. पुढे 1905 साली डॉ. यशवंतही प्लेगनेच गेले. माय आणि लेक दोघेही एकाच रोगाच्या सेवेत खर्ची पडले. पुणे विद्यापीठास सावित्रीबाईंचे नाव मिळाले ते 2014 साली, म्हणजे 117 वर्षांनी. आज आपण त्यांना शिक्षणाची माउली म्हणून वंदन करतो ते योग्यच आहे, पण रुग्णसेवेत प्राण देणारी म्हणून त्यांची आठवण अजूनही कमीच निघते.

प्लेगवरील लस शोधणारे डॉ. हाफकिन यांची कथाही अशीच आहे. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी मुंबईत ती लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. 1902 साली पंजाबातील मुल्कोवाल गावी लस टोचल्यावर 19 माणसे धनुर्वाताने दगावली. दोष हाफकिन यांच्या माथी मारण्यात आला आणि त्यांना काम सोडावे लागले. ते निर्दोष ठरले 1907 साली. मुंबईच्या ज्या संस्थेत ही लस तयार होई तिला त्यांचे नाव देण्यात आले, त्यास 1925 साल उजाडले.

परिचारिकेच्या पेशाकडे तर आपला समाज फार दिवस तिरक्या नजरेने पाहत होता. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या रोग्याची घाण काढायची, हे कुलीन स्त्रीचे काम नव्हे, अशी समजूत होती. पुण्यात 1909 साली सेवासदन निघाले. रमाबाई रानडे यांनी तेथे विधवा व निराधार स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण मिळावे म्हणून खटपट केली, तेव्हा त्यांना बरेच बोल ऐकून घ्यावे लागले. सेवासदनच्या एका समारंभात केशवपन केलेली विधवा बक्षीस घेण्यास पुढे आली असता काही कॉलेजातील मुलांनी तिची टवाळी केली, आणि रमाबाईंनी त्यांना भर सभेत खडसावले, अशी हकिगत प्रसिद्ध आहे. सेवासदनची शाखा आपल्या सोलापुरातही निघाली, आणि आपल्या कितीतरी भगिनी तिच्या शाळेत शिकल्या. ज्या शिक्षणाचा आपण अभिमान बाळगतो, त्याच्या पायाशी अशा अपमान गिळलेल्या स्त्रिया आहेत, हे विसरता कामा नये.

आता आपल्याच मातीतील एका थोर पुरुषाचे नाव घेते. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म 10 ऑक्टोबर 1910 रोजी सोलापुरात झाला. 1938 साली चीनच्या मदतीस हिंदुस्थानातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. बाकीचे परत आले, हे तेथेच राहिले. डॉ. बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते पहिले प्रमुख झाले. तेथील परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला. 9 डिसेंबर 1942 रोजी, अवघ्या 32 व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी ते मरण पावले. ते कार्य युद्धातील होते, साथीतील नव्हे. पण कृतज्ञता कशी असावी हे शिकायचे तर त्या देशाकडे पाहावे. शिज्याझ्वांग येथे त्यांची समाधी जतन केली आहे. 1982 साली तेथे त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. त्यांचे नाव दिलेल्या वैद्यकीय शाळेतील विद्यार्थी त्यांच्या पुतळ्यासमोर सेवेची शपथ घेतात. आपल्याकडे व्ही. शांताराम यांनी 1946 साली त्यांच्यावर चित्रपट काढला, आणि भैय्या चौकात त्यांचे स्मारक झाले. चौकातून जाताना आपण किती जणी आत डोकावलो आहोत, हे ज्याचे त्याने मनाशी विचारावे.

पुन्हा 2020 कडे वळू. योगायोग असा की ते वर्ष फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माचे 200 वे वर्ष होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका व सुईणींचे वर्ष म्हणून आधीच जाहीर केले होते. 3 मे रोजी हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले उधळण्यात आली. पण त्याआधीच, 22 एप्रिल रोजी, सरकारला 1897 च्या त्याच जुन्या कायद्यात वटहुकमाने दुरुस्ती करावी लागली होती. मूळ कायद्यात अधिकाऱ्यांवर दावा लावता येणार नाही एवढे संरक्षण होते. आता डॉक्टर, परिचारिका व आरोग्यसेविका यांना मारहाण करणाऱ्यास, गंभीर दुखापत केल्यास, 7 वर्षांपर्यंत शिक्षा ठरवावी लागली. फुलेही त्यांच्यावरच पडली आणि दगडही त्यांच्यावरच पडले.

आशा सेविकांचे उदाहरण तर आपल्या रोजच्या ओळखीचे आहे. सप्टेंबर 2020 मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली, तेव्हा त्या घरोघर हिंडून ताप आणि प्राणवायू मोजत होत्या. त्यांना ठरावीक पगार नाही, कामागणिक मोबदला. जून 2021 मध्ये राज्यभरातील आशांना संप करावा लागला, तेव्हा कुठे महिना 1000 रुपयांची वाढ आणि 500 रुपये कोविड भत्ता पदरात पडला. 2022 च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने देशातील सर्व आशांचा गौरव केला. गौरव मोठा खरा, पण त्यांचे पहिले मागणे पोटाचे होते.

कृतज्ञ या शब्दाचा अर्थच मुळी 'केलेले जाणणारा' असा आहे. जाणायचे तर कोणी काय केले हे ठाऊक हवे. थाळीचा आवाज विरून जातो. लिहून ठेवलेले मात्र पुढच्या पिढीस वाचता येते.

गेल्या संक्रांतीस मी तिळगूळ घेऊन त्या सिस्टरांच्या दारी गेले. नळाची गोष्ट मीच काढली आणि क्षमा मागितली. त्यांनी मला बसवले, चहा केला. मी या लेखाविषयी सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "काकू, लिहिणारच असाल तर आमच्या वॉर्डातल्या मावशींचंही लिहा. आम्ही हातमोजे तरी घालत होतो. नातेवाईक लांबून बघत होते, तेव्हा वेण्या घालून देणं, तोंडात पाणी घालणं, सगळं त्याच करत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही."

त्या मावशींचे नाव मी विचारून घेतले आहे. त्यांची परवानगी मिळाल्यावरच ते लिहीन. आपल्या मंडळाने एक वही घालावी, आणि प्रत्येक सभासद भगिनीने त्या दोन वर्षांत आपल्या घराच्या उपयोगी पडलेल्या एका तरी परिचारिकेची, आशेची, मावशीची किंवा सफाई करणाऱ्या बाईची हकिगत तिला विचारून त्यात लिहावी, अशी माझी सूचना आहे. पहिले पान मी लिहीन. त्यात नळाची गोष्टही असेल.