चीनमधील पदव्युत्तर प्रवेश आणि इंग्रजीचा उंबरठा

चीनमधील विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी घेतली जाणारी राष्ट्रीय प्रवेश परीक्षा दर वर्षी डिसेंबर महिन्याच्या उत्तरार्धात होते. पहिल्या दिवशी सकाळी राजकीय सिद्धांताची प्रश्नपत्रिका असते आणि दुपारी २ ते ५ या वेळेत विदेशी भाषेची. दुसऱ्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या मूळ विषयाच्या प्रश्नपत्रिका सुरू होतात. ही परीक्षा चीनमध्ये 'काओयान' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. विदेशी भाषा म्हणून रशियन किंवा जपानी निवडण्याची मुभा असली, तरी बहुसंख्य विद्यार्थी इंग्रजीच निवडतात. पहिल्या दिवशीच्या त्या तीन तासांत अनेकांच्या पुढील वर्षाचा निर्णय होऊन जातो.

सांस्कृतिक क्रांतीच्या काळात खंडित झालेले पदव्युत्तर प्रवेश १९७८ मध्ये पुन्हा सुरू झाले. त्या वर्षी सुमारे ६३ हजार ५०० अर्ज आले आणि १० हजार ७०८ जणांना प्रवेश मिळाला. २०१७ च्या प्रवेशासाठी अर्जदारांची संख्या २० लाखांच्या पुढे गेली. २०२३ च्या प्रवेशासाठी ती ४७ लाख ४० हजार एवढी होती. त्यानंतर ती उतरली आहे: २०२४ साठी ४३ लाख ८० हजार, तर २०२५ साठी ३८ लाख ८० हजार विद्यार्थ्यांनी नावे नोंदविली. २०२३ मध्ये डॉक्टरेटसह एकंदर पदव्युत्तर प्रवेश सुमारे १३ लाख झाले आणि त्यांतील काही जागा परीक्षेविना, विद्यापीठांच्या शिफारशीने भरल्या गेल्या. परीक्षेला बसणाऱ्या बहुतेकांना प्रवेश मिळत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

एकूण गुण ५०० असतात. त्यांपैकी इंग्रजीला १०० गुण आहेत. हा वाटा पंचमांशच असला, तरी इंग्रजीचा खरा अधिकार गुणांच्या बेरजेत नाही. तो किमान गुणांच्या अटीत आहे. शिक्षण मंत्रालय दर वर्षी प्रत्येक विद्याशाखेसाठी एकूण गुणांची आणि त्याचबरोबर प्रत्येक विषयाची स्वतंत्र किमान रेषा जाहीर करते. या दोन्ही रेषा ओलांडल्याखेरीज पुढील फेरीत जाता येत नाही. २०२३ मध्ये देशाच्या प्रगत भागांसाठी अभियांत्रिकीची एकूण रेषा २७३ होती आणि इंग्रजीची ३८. साहित्य शाखेला एकूण ३६३ आणि इंग्रजीत ५४ गुण आवश्यक होते. गणितात आणि मूळ विषयात उत्तम गुण मिळविणाऱ्या अभियंत्याला इंग्रजीत ३७ गुण पडले, तर त्याचे वर्ष गेले. प्राचीन चिनी साहित्याचा अभ्यास करू पाहणाऱ्यालाही हाच नियम लागू आहे. पश्चिमेकडील आणि सीमावर्ती अशा दहा प्रांत व स्वायत्त प्रदेशांसाठी रेषा थोडी खाली असते, आणि ३४ नामांकित विद्यापीठांना स्वतःच्या रेषा ठरविण्याचा अधिकार आहे. अपेक्षित विद्यापीठात जागा मिळाली नाही, तर रिकाम्या जागा असलेल्या अन्य विद्यापीठाकडे वळण्याची सोय आहे. मात्र त्यासाठीही राष्ट्रीय रेषा ओलांडलेली असावी लागते.

पुढील वर्षी पुन्हा परीक्षेला बसण्याला चिनी विद्यार्थी 'दुसरे युद्ध' म्हणतात. शब्द गमतीचा वाटला, तरी त्यामागे नोकरी न धरता विद्यापीठाच्या परिसरात भाड्याच्या खोलीत काढलेले आणखी एक वर्ष असते.

प्रश्नपत्रिकेचे स्वरूप

इंग्रजीच्या दोन प्रश्नपत्रिका आहेत. संशोधनाभिमुख पदवीसाठी 'इंग्रजी एक' आणि व्यावसायिक पदव्यांपैकी बहुतेकांसाठी, २०१० पासून सुरू झालेली 'इंग्रजी दोन'. दुसरी तुलनेने सोपी मानली जाते. पहिलीत आरंभी एक उतारा असतो, त्यातील २० शब्द गाळलेले असतात आणि प्रत्येक जागेसाठी चार पर्याय दिलेले असतात. प्रत्येकी अर्धा गुण, म्हणजे सगळे मिळून १० गुण. त्यानंतर चार उतारे आणि त्यांवरील २० प्रश्न येतात. यांना ४० गुण असल्यामुळे विद्यार्थ्यांचा सर्व भर यांच्यावर असतो. पुढे परिच्छेदांचा क्रम लावणे, गाळलेली वाक्ये जागी बसविणे किंवा मथळे जुळविणे यांपैकी एका प्रकाराला १० गुण, इंग्रजीतून चिनीत भाषांतराला १० गुण आणि लेखनाला ३० गुण आहेत.

या यादीत व्याकरणाचा स्वतंत्र विभाग नाही, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे. १९९० च्या दशकात तो होता. एका वाक्यात चार ठिकाणी अधोरेखन करून चूक कोठे आहे ते विचारले जाई. 'हार्डली' किंवा 'नॉट ओन्ली' वाक्याच्या आरंभी आल्यावर सहायक क्रियापद कर्त्याच्या आधी येते, हे विद्यार्थ्याला ठाऊक आहे की नाही याची परीक्षा होई. २००२ मध्ये हा 'रचना आणि शब्दसंग्रह' विभाग काढून टाकण्यात आला आणि त्याच वेळी श्रवणाचा भाग आला. श्रवण लेखी परीक्षेत फार काळ टिकले नाही. २००५ पासून ते मुलाखतीच्या फेरीकडे सोपविण्यात आले.

व्याकरण मात्र गेले नाही. ते उताऱ्यांतील वाक्यांच्या लांबीत शिरले. परीक्षेतील उतारे बहुधा 'द इकॉनॉमिस्ट', 'द गार्डियन' यांसारख्या नियतकालिकांतील लेखांवर बेतलेले असतात. अशा लेखांत कर्ता आणि त्याचे क्रियापद यांच्यामध्ये पंधरा-वीस शब्दांचे अंतर पडणे नित्याचे आहे. मध्ये दोन गौणवाक्ये, एखादे धातुसाधित आणि स्वल्पविरामांनी वेढलेला एखादा खुलासा असतो. विद्यार्थ्याने नियम पाठ केलेला आहे की नाही, हे आता कोणी विचारत नाही. क्रियापद कोणाचे आहे हे त्याला ओळखता आले नाही, तर प्रश्नाचे उत्तर चुकते, एवढेच.

चिनी भाषकाला ही अडचण का येते, हे मराठी वाचकाला समजणे अवघड नाही. 'गेल्या वर्षी सादर झालेला अहवाल' असे आपण म्हणतो. वर्णन आधी आणि नाम नंतर. चिनीतही तसेच आहे. वर्णन कितीही लांबले, तरी ते नामाच्या आधीच यावे लागते आणि त्यांना जोडणारा एक छोटा प्रत्ययवजा शब्द मध्ये बसतो. इंग्रजीत 'अहवाल' प्रथम येतो आणि तो कोणता, कोणी मांडला, कशासाठी मांडला हे सारे त्याच्या मागून येते. आपल्याकडे निदान 'जो-तो'ची सोय आहे. चिनीत तीही नाही. शिवाय चिनी क्रियापद काळानुसार किंवा वचनानुसार बदलत नाही आणि इंग्रजीतील 'ए' व 'द' या उपपदांना तेथे प्रतिशब्द नाहीत. उपपदांच्या बाबतीत मराठी भाषकही त्याच नावेत आहे.

म्हणूनच भाषांतराचा प्रश्न हा या प्रश्नपत्रिकेचा सर्वांत प्रामाणिक भाग म्हणता येईल. सुमारे ४०० शब्दांच्या उताऱ्यातील पाच वाक्ये अधोरेखित असतात आणि नेमकी तीच सर्वांत गुंतागुंतीची असतात. येथे पर्यायांत अंदाज करण्यास वाव नाही. वाक्य फोडावे लागते, त्याचे दोन-तीन तुकडे करून चिनी क्रमाने पुन्हा रचावे लागतात आणि तसे करताना मूळ अर्थाची सांधेजोड सुटू द्यायची नसते. वृत्तसंस्थेच्या इंग्रजी मजकुरावरून रोज मराठी बातमी करणाऱ्या कोणालाही हे काम परिचयाचे वाटेल. असे असूनही या प्रश्नाला अवघे १० गुण असल्याने अनेक विद्यार्थी तो शेवटी, उरलेल्या वेळात उरकतात. 'इंग्रजी दोन'मध्ये सलग परिच्छेदाच्या भाषांतराला १५ गुण आहेत.

२०१७ च्या प्रवेशासाठीच्या परीक्षेत भाषांतराचा उतारा इंग्रजीच्या जागतिक भवितव्यावर होता. या भाषेचे वर्चस्व नजीकच्या काळात ओसरू शकेल, अशा आशयाचे एक वाक्य विद्यार्थ्यांना चिनीत आणायचे होते.

साडेपाच हजार शब्द

अभ्यासक्रमात सुमारे ५,५०० शब्द अपेक्षित आहेत. या शब्दांच्या पुस्तकांची चीनमध्ये मोठी बाजारपेठ आहे. वर्णानुक्रमाने रचलेल्या पुस्तकांत आरंभीच 'अबॅन्डन', म्हणजे 'सोडून देणे' हा शब्द भेटतो. पहिल्याच पानावर विद्यार्थी तो शब्द शिकतो आणि अभ्यास सोडून देतो, हा विनोद तेथे सर्वतोमुखी आहे. त्यामुळे कित्येक प्रकाशकांनी वर्णानुक्रम सोडून परीक्षेत शब्द किती वेळा आला, त्यानुसार याद्या करण्यास सुरुवात केली.

परंतु अनोळखी शब्दांपेक्षा ओळखीचे शब्द अधिक घात करतात. 'अ‍ॅड्रेस' म्हणजे पत्ता हे शाळेतच कळते. उताऱ्यात मात्र तो एखाद्या समस्येची दखल घेणे या अर्थाने येतो. 'नॉव्हेल' कादंबरी नसून 'अभिनव' असते. 'चॅम्पियन' हा विजेता नसतो. ते एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणे असते. मराठीत रुळलेल्या अशा इंग्रजी शब्दांमुळे आपल्याकडील वाचकही असाच फसू शकतो. यादी पाठ करून हे साधत नाही. त्यासाठी वाचन लागते, आणि परीक्षेच्या तयारीत नेमका वाचनालाच वेळ नसतो. गाळलेल्या जागांच्या उताऱ्यातही 'हाउएव्हर' आणि 'देअरफोर' यांतील निवड शब्दार्थावर होत नाही. आधीचे वाक्य आणि नंतरचे वाक्य यांचे नाते कळले असेल तरच ती होते.

लेखनाच्या भागात एक पत्र किंवा सूचना लिहावयाची असते आणि एका चित्रावर १६० ते २०० शब्दांचा निबंध. २०१० मध्ये एका मोठ्या हंडीत कन्फ्यूशियस, शेक्सपिअर अशी नावे एकत्र शिजताना दाखविली होती. २०१२ मध्ये आडवी पडलेली बाटली आणि तिच्याकडे पाहणाऱ्या दोन व्यक्ती होत्या. एकाला सारे संपल्याचे दुःख, दुसऱ्याला थोडे उरल्याचे समाधान. कल्पना चांगल्या असतात. उत्तरे मात्र शिकवणी वर्गांनी पुरविलेल्या साच्यांतून येतात आणि त्यांत केवळ चित्राचे वर्णन बदलते.

परदेशी जाणाऱ्यांची परीक्षा

अमेरिकेत शिकण्यास जाणाऱ्यांचा मार्ग वेगळा होता. त्यांच्यासाठी 'जीआरई' ही तेथील संस्थेची परीक्षा महत्त्वाची ठरली. पेकिंग विद्यापीठात इंग्रजीचे अध्यापन केलेल्या यू मिनहोंग यांनी १९९३ मध्ये बीजिंगमध्ये 'न्यू ओरिएंटल' ही शिकवणी संस्था स्थापन केली आणि त्यांचे लाल मुखपृष्ठाचे शब्दपुस्तक एका पिढीच्या हाती होते. त्या काळी 'जीआरई'त विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध ओळखण्याचे प्रश्न असत. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही अडविणारे हे शब्द चिनी विद्यार्थी पाठांतराच्या बळावर सोडवीत. जुन्या प्रश्नपत्रिका परवानगीविना वापरल्याबद्दल परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने 'न्यू ओरिएंटल'वर खटला भरला. बीजिंगच्या उच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वामित्वहक्काचा भंग मान्य केला, मात्र भरपाईची रक्कम कमी केली. तत्पूर्वी २००२ मध्ये, आठवणीतून लिहिलेले प्रश्न संकेतस्थळांवर फिरत असल्याचे आढळल्याने, चीनसह पूर्व आशियातील काही ठिकाणी संगणकावरील परीक्षा थांबवून कागदावरील परीक्षा परत आणण्यात आली होती. ऑगस्ट २०११ मध्ये 'जीआरई'तून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसंबंध हे दोन्ही प्रकार वगळण्यात आले. सुट्या शब्दांकडून संदर्भातील शब्दांकडे झालेला हा प्रवास 'काओयान'ने जवळपास दशकभर आधीच केला होता.

इंग्रजी किती असावी

चिनी विद्यार्थी पदवीच्या काळातही सीईटी नावाच्या इंग्रजी परीक्षा देतात. महाराष्ट्रातील सीईटीशी त्यांचा संबंध नाही. तिचा चौथा स्तर १९८७ मध्ये सुरू झाला आणि अनेक विद्यापीठांनी तो पदवीशी जोडला. सप्टेंबर २०२३ मध्ये शीआन जिआओतोंग विद्यापीठाने ही अट काढून टाकल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यावर मोठी चर्चा झाली. २०२१ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय सल्लागार परिषदेचे एक सदस्य शू जिन यांनी शाळेत इंग्रजीला चिनी आणि गणिताच्या बरोबरीचे स्थान नसावे, असा प्रस्ताव मांडला होता. शास्त्रीय संशोधन प्रामुख्याने इंग्रजीत प्रसिद्ध होत असल्याने संशोधकाला ते वाचता आलेच पाहिजे, असा विरुद्ध पक्ष आहे. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण वाचनक्षमता हवी म्हणून भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला एका गुणासाठी वर्षभर थांबविणे हा त्यावरचा एकमेव उपाय नव्हे.

भारतात याची व्यवस्था निराळी आहे. 'गेट' परीक्षेत भाषेचे प्रश्न १०० पैकी १५ गुणांच्या सामान्य अभियोग्यता विभागातच येतात आणि त्यांना वेगळी किमान रेषा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची ३०० गुणांची प्रश्नपत्रिका आहे. ती शालान्त पातळीची असून २५ टक्के गुण पुरेसे असतात आणि ते एकूण गुणांत धरले जात नाहीत. तिच्या जोडीला भारतीय भाषेचीही तितक्याच गुणांची प्रश्नपत्रिका आहे.

चीनमध्ये रेषा ओलांडणाऱ्यांना वसंत ऋतूत, साधारणतः मार्च-एप्रिलमध्ये, विद्यापीठांकडून मुलाखतीसाठी बोलावले जाते. तेथे इंग्रजी ऐकणे आणि बोलणे तपासले जाते. लेखी परीक्षेच्या तयारीत ज्यांनी वर्षभर एकही वाक्य मोठ्याने उच्चारलेले नसते, अशांना या फेरीसाठी काही आठवडेच मिळतात.