मेणवलीची घंटा, वसईचा शनिवार

पुण्यात नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी, २०१९च्या पावसाळ्यात, टीममधले आम्ही पाच जण बाइक काढून वाईला गेलो होतो. मेणवलीला थांबायचं कारण सरळ होतं : 'स्वदेस'. नाना फडणवीसांचा वाडा बघितला, घाटावर शाहरुखसारखे उभे राहून फोटो काढले, आणि मग एकाने तिथल्या दगडी मंडपात टांगलेल्या प्रचंड घंटेकडे बोट दाखवून विचारलं, "हिच्यावर ही देवी कोणती रे?"

"मरिया," मी म्हणालो. विचार न करता तोंडातून निघून गेलं. कडेवर बाळ येशू, आणि १७०७ हे साल.

दुसऱ्याने तोवर मोबाइलवर शोधलं होतं. "वसईची घंटा आहे. चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला ना, तेव्हाची. आपल्या लोकांनी पोर्तुगीजांची लूट आणली इथे." मग माझ्याकडे वळून, "तू वसईचाच ना?"

हो, मी वसईचा. आणि कॅथलिक. दोन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या, आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. पण परत येताना पाचवड फाट्यापासून पुण्यापर्यंत हेल्मेटच्या आत एकच शब्द वाजत राहिला : 'आपल्या'. त्या शब्दात मी होतो की नव्हतो?

आमच्या गावात चर्चला देऊळ म्हणतात. "देवळात चाललोय" असं मी हॉस्टेलवर म्हणालो की मुलांचा गोंधळ व्हायचा. देवळाची घंटा रोज तीन वेळा वाजते : सकाळ, दुपार, संध्याकाळ. कुणी वारलं तर लय बदलते, आणि गाव स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून ठोके ऐकतं. वर्षातून एकदाच ती अशी मुकी होते की लक्षात यावं. पवित्र गुरुवारी संध्याकाळी, शेवटच्या भोजनाच्या आठवणीच्या मिस्सेत, गौरवगीत सुरू होताना मनोऱ्यातली मोठी घंटा आणि वेदीजवळच्या लहान घंटा एकदम वाजतात आणि तिथेच थांबतात. मग गुड फ्रायडेला सगळं लाकडावर. घंटेच्या जागी खटखट वाजणारी लाकडी फळी. त्या दिवशी मिस्सा होतच नाही. वेदी उघडी, मेणबत्त्या नाहीत, फुलं नाहीत, फक्त क्रुसाला नमन करायची लांब रांग. (ऑफिसच्या ग्रुपवर दरवर्षी कुणीतरी 'हॅपी गुड फ्रायडे' टाकतं. मी आता उलट 'थँक्यू' लिहितो. समजावून सांगायचा कंटाळा येतो.) शनिवारी रात्री देवळाच्या अंगणात नवा अग्नी पेटतो, त्यावर पास्काची मोठी मेणबत्ती, तिच्यावरून एकेकाची छोटी, आणि अंधाऱ्या देवळात ती ज्योत रांगेरांगेने आत सरकते. वाचनं होतात. आणि मग पुन्हा गौरवगीत. दिवे लागतात. दोन दिवस गप्प असलेली घंटा सुटते.

मी वेदीसेवक होतो तेव्हा मला या सगळ्यात एकाच गोष्टीत रस होता : दोरी. त्या रात्री दोरी कुणाच्या हातात द्यायची हे देवळाचे सेवक ठरवायचे, आणि त्यासाठी आम्ही पोरं चाळीस दिवस शहाण्यासारखे वागायचो. दोरी नीट ओढली नाही तर परत जाताना तीच तुम्हाला जमिनीपासून वीतभर वर उचलते. घंटा मात्र मी कधी पाहिली नाही. ती वर, कबुतरांच्या राज्यात. मेणवलीला पहिल्यांदा एवढ्या मोठ्या घंटेच्या काठाला हात लावला.

२०२०च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन घरी आलो आणि अडकलो. पवित्र आठवडा आला तेव्हा देऊळ बंद होतं. झावळ्यांच्या रविवारी लोकांनी परसातल्या माडाची पाती दाराला लावली. तेव्हाच एका रात्री मला ईस्टरच्या तारखेचं गणित सापडलं. गणित म्हणून ते फार सुंदर आहे. वसंतसंपातानंतरची, म्हणजे २१ मार्च किंवा त्यापुढची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कुठेही पडतो. पौर्णिमा आपलीच. त्या वर्षी हनुमान जयंती ८ एप्रिलला होती आणि ईस्टर १२ला. २०२४मध्ये होळीच्या पौर्णिमेनंतरच्या रविवारीच ईस्टर आला होता. यातला चंद्र मात्र आकाशातला नसून तक्त्यातला असतो, आणि १५८२च्या ग्रेगरियन सुधारणेत लिलियस व क्लाव्हियस यांनी तो तक्ता दुरुस्त केला. डोनाल्ड कनूथच्या 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग'च्या पहिल्याच खंडात हा अल्गोरिदम स्वाध्याय म्हणून दिलेला आहे. इंजिनिअरिंगला असताना ते पुस्तक मी पीडीएफच्या रूपात बाळगत होतो, म्हणजे वाचलं नव्हतं.

दहा-बारा ओळींचा पायथन. २०२० टाकलं, बरोबर आलं. आजीचं जन्मसाल १९४२ टाकलं : ५ एप्रिल. मग हात आपोआप १७३९वर गेला.

२९ मार्च.

मी खुर्चीत ताठ बसलो, कारण वेढ्याच्या तारखा मला पाठ होत्या. आम्हा वसईच्या पोरांना त्या असतातच. चिमाजी अप्पांच्या फौजेने फेब्रुवारी १७३९मध्ये वसईला वेढा घातला आणि मे महिन्यात किल्ला पडला. म्हणजे पोर्तुगीज वसईतला शेवटचा ईस्टर वेढ्यात झाला. तटाबाहेर मराठ्यांचे मोर्चे, आत उपासमार आणि दारूगोळ्याचा धूर, आणि गुरुवारी, २६ मार्चला, किल्ल्यातल्या देवळांच्या घंटा रिवाजाप्रमाणे गप्प झाल्या असणार. शनिवारी वाजल्या असणार. पुढच्या ईस्टरला त्या तिथे नव्हत्या.

त्या कुठे गेल्या हे महाराष्ट्रभर फिरून बघता येतं. भीमाशंकरला आहे. नसरापूरजवळ बनेश्वरला आहे. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळावर जी आहे, ती तर बोलण्यात आली : मोठ्या आवाजाच्या बाईला किंवा पोराला 'नारोशंकराची घंटा' म्हणणाऱ्या किती जणांना ती कुठली हे माहीत असेल? एक गोष्ट मला इथे नोंदवावीशी वाटते. जिंकलेल्या शत्रूच्या घंटा वितळवून त्यांच्या तोफा ओतणं ही त्या काळची जगभरची रीत होती. धातू जवळजवळ तोच. या वितळवल्या गेल्या नाहीत. क्रूस तासून काढले गेले नाहीत, मरियेचा चेहरा घासला गेला नाही. घंटेला घंटाच ठेवलं, फक्त देव बदलला. लूट ती लूटच, पण ही लूट करणाऱ्याला घंटा कशासाठी असते हे माहीत होतं.

किल्ल्याबरोबर पोर्तुगीज गेले, आणि त्यांच्याबरोबर युरोपीय धर्मगुरू. इतिहासाचं शाळेतलं पान इथे संपतं. आमचं इथे सुरू होतं, कारण लोक गेले नाहीत. जाणार कुठे? पाचूबंदरचे कोळी, वाडवळ, सामवेदी : केळीच्या वाड्या, भाताची खाचरं, विहिरी, पानमळे सोडून लिस्बनला? १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली तेव्हा त्यांना कुणी विचारलं नव्हतं, १७३९लाही नाही. बाटवाबाटवी झाली, जुलूम झाला, हे मी नाकारत नाही. पोर्तुगिजांच्या राज्यात देवळं पडली हेही खरंच आहे. पण जुलूमच एकटा श्रद्धा टिकवत असता, तर जुलूम करणारे निघून गेल्यावर ती संपायला हवी होती. पेशव्यांच्या राज्यात ख्रिस्ती राहण्याची सक्ती कुणावर होती? उरलेली देवळं देशी धर्मगुरूंनी सांभाळली. १७६०च्या सुमारास आंकतील द्युपेराँ हा फ्रेंच प्रवासी साष्टीतून गेला, तर ठाण्याच्या देवळात त्याला हजारोंच्या गर्दीत सण चाललेला दिसला, आणि ते सगळे इथलेच लोक होते. त्यावेळी ठाण्यावर भगवा होता.

'पोर्तुगीजांची घंटा' म्हणताना आपण हे विसरतो की धातू कुणी ओतला असेल तो असो, दोरी ओढणारा माणूस वसईचा होता.

आता शनिवारबद्दल. वर मी 'शनिवारी रात्री' लिहिलं. १७३९मध्ये ती रात्र नव्हती, सकाळ होती. मला हे कसं कळलं, तर आजीकडून.

लॉकडाऊनमध्ये आजीला आणि मला दोघांनाही वेळ होता. मी तिला माझा प्रोग्राम दाखवला. ती कौतुकाने बघून म्हणाली, "पण आमच्या लहानपणी ईस्टरची घंटा शनिवारी सकाळीच वाजायची." मला वाटलं, वयोमानाने गोंधळली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. मग शोधलं, तर तीच बरोबर. रात्रीची जागरणाची उपासना शतकानुशतकं मागे सरकत सरकत शनिवारच्या सकाळी येऊन बसली होती. खिडक्यांतून लख्ख ऊन, आणि धर्मगुरू लॅटिनमध्ये या पवित्र रात्रीची स्तुती गातायत! उपासकाळ शनिवारी दुपारी बारा वाजता संपायचा. बारावे पोप पायस यांनी १९५१मध्ये प्रयोग म्हणून ही उपासना रात्री करायला परवानगी दिली आणि १९५५च्या नोव्हेंबरात आदेश काढून १९५६पासून ती सगळीकडे रात्री नेली. आमच्या भाषेत सांगायचं तर कित्येक शतकं प्रॉडक्शनमध्ये चाललेला बग, जो सगळ्यांना फीचर वाटत होता.

आजी तेव्हा चौदा वर्षांची. तिला पोप आठवत नाही, मटण आठवतं. "दर वर्षी शनिवारी बारा वाजले की आमची आई टोप चढवायची. चाळीस दिवसांनी घरात मटणाचा वास. त्या वर्षी फादरांनी सांगितलं, आता बारा रात्रीचे. बाप्ये चिडले ना! आणलेलं मटण ठेवायचं कुठे? फ्रिज होता का कुणाकडे?" तिच्या वडलांनी म्हणे सबंध दुपार ओट्यावर बसून रोमला शिव्या दिल्या आणि रात्री सगळ्यात आधी देवळात जाऊन बसले. अंधारात ज्योती सरकत आत आल्या. तिने ते पहिल्यांदा पाहिलं. "तेव्हा कळलं, हे सकाळी करण्यासारखं नव्हतंच."

म्हणजे ज्या रात्रीला मी आमची सगळ्यात प्राचीन गोष्ट समजत होतो, ती आमच्या गावात आजीहून चौदा वर्षांनी लहान आहे. भाषा तर त्याहून लहान. सगळी मिस्सा लॅटिनमध्ये चाले. आजी उत्तरं पाठ म्हणायची, अर्थ देवाला ठाऊक. ४ डिसेंबर १९६३ला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना दार उघडलं आणि पुढच्या काही वर्षांत वेदीवर मराठी आली, पेटी-तबला आला. गंमत अशी की येशूच्या दुःखसहनाची आणि पुनरुत्थानाची कथा मराठी ओवीत १६१६मध्येच छापली गेली होती : गोव्यात, फादर थॉमस स्टीफन्सच्या क्रिस्तपुराणात, रोमन लिपीत. देवनागरीतून त्याची छापील प्रत शांताराम बंडेलूंनी पुण्यात काढली ती १९५६मध्ये. ज्या वर्षी आजीच्या घरचं मटण लांबलं, त्याच वर्षी.

आज आमच्या धर्मग्रामात इंग्रजी मिस्सेला गर्दी वाढतेय. माझी चुलत भावंडं घरी सुद्धा इंग्रजी बोलतात. आमची बोली त्यांना कळते, येत नाही. मला त्यांना नावं ठेवायचा अधिकार नाही, मी कोड कमेंट्स कुठल्या भाषेत लिहितो ते मला माहीत आहे. माझ्या श्रद्धेचंही खरं सांगायचं तर पुण्यात असताना मी वर्षात जेमतेम चारदा देवळात जातो. पण त्या शनिवारी रात्री मी पुण्यात राहिलोय असं कधी झालेलं नाही.

११ एप्रिल २०२०च्या रात्री देवळात फादर, एक सेवक आणि स्टँडवर लावलेला एक फोन एवढेच होते. प्रक्षेपण कसं सुरू करायचं ते मी फादरांना दुपारभर फोनवर शिकवलं होतं. घरात आम्ही सगळे टीव्हीसमोर, हातात मेणबत्त्या, आजी मधोमध. वाचनं झाली. गौरवगीताची वेळ आली आणि मी स्क्रीनकडे बघत होतो, फादर अजून वेदीच्या पायऱ्या चढत होते, तेवढ्यात खिडकीतून, माडांच्या वरून, खरी घंटा आली. कुणी हललं नाही. सेवकदादा एकटेच दोरीला होते आणि थांबत नव्हते. आजूबाजूच्या घरांतून माणसं अंगणात आली. गल्लीत पेटत्या मेणबत्त्या दिसायला लागल्या, प्रत्येक कुंपणाच्या आत एक घोळका.

मग साधारण पंचवीस सेकंदांनी टीव्हीतून तीच घंटा पुन्हा सुरू झाली. लेटन्सी.

आजीने आधी खिडकीकडे पाहिलं, मग टीव्हीकडे. "ही कुठली?"

"आपलीच," मी म्हणालो.

त्या वर्षी मटण मिळालं नव्हतं, शेजाऱ्यांकडची कोंबडी होती. आजीने मेणबत्ती फुंकली, गुडघ्यावर हात टेकवून उठली आणि आईला म्हणाली, "टोप चढव."