पूर्ण नावाने हाक



आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या माणसाने संगणकाच्या आज्ञावलीवर बोलावे, हे आपल्यापैकी अनेकांना चमत्कारिक वाटले असेल. मलाही ते काही काळ तसेच वाटले. परंतु या विषयाकडे मला ओढून नेले ते एका मुलाने, आणि तो मुलगा आपल्या सुरतेतलाच आहे. म्हणून आरंभी त्याची हकीकत सांगतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. खानदेशातून येऊन मागावर काम करणाऱ्या, घरात अहिराणी बोलणाऱ्या एका कुटुंबातील हा मुलगा मराठी माध्यमात शिकला आणि पुढे एका खासगी संगणकवर्गात जाऊ लागला. तेथील प्रात्यक्षिक परीक्षेत त्याने जावा या भाषेत हजेरीची आज्ञावली लिहिली. संकलकाने ती विनातक्रार स्वीकारली. पण चालवू जाता पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या. परीक्षकांनी त्या न वाचताच शून्य गुण दिले. मुलगा ते शब्द कागदावर उतरवून माझ्याकडे आला. ‘सर, इथं रॉंग नेम लिहिलंय. नाव तर मीच ठेवलं, मग ते चुकीचं कसं?’ प्रश्न नावाचा होता, म्हणजे माझ्या प्रांतातला होता. तरीही उत्तर देण्यास मला तीन आठवडे लागले.

या उत्तराचा माग काढताना मी प्रथम मागापाशीच पोहोचलो. लिऑंच्या जोसेफ मारी जॅकार्डने १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेली युक्ती सुरतेच्या विणकरांना नवी नाही. नक्षीकार चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवतो. तिच्यावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडतात आणि त्या पट्ट्या क्रमाने ओवून त्यांची माळ मागावर चढवतात. बाण्याच्या प्रत्येक धाग्यास एक पट्टी. जेथे भोक असेल तेथे सुई आत शिरते व ताण्याचा धागा उचलला जातो. जेथे नसेल तेथे तो खालीच राहतो. लक्षात घेण्याजोगे हे, की माळ तयार झाल्यावर विणकराला नक्षीच्या कागदाची गरज उरत नाही. कागद माणसाने वाचावयाचा, माळ यंत्राने. माणसाला वाचता येणारा मूळ संहितापाठ आणि यंत्राला चालवता येणारे त्याचे रूप, ही फारकत येथेच झाली. चार्ल्स बॅबेजने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी याच पट्ट्या उचलल्या, आणि एडा लव्हलेसने १८४३ मधील आपल्या टिपणांत या दोन यंत्रांतील साम्य नोंदवले. आज विद्युत्-जॅकार्डने पुठ्ठ्याला बाजूस सारले आहे, पण नक्षी आधी निराळ्या रूपात आणून मगच विणायची, ही रीत कायम आहे.

आता ‘संकलक’ या शब्दाकडे वळतो. हा शब्द आम्हा मंडळींना कोशकारांमुळे व दप्तरांच्या संपादकांमुळे परिचित आहे. संगणकाच्या जगात तो भाषांतर करणाऱ्या आज्ञावलीस लावतात, म्हणून मी प्रथम त्यावर नाक मुरडले होते. नंतर कळले, की मूळ अर्थ आपलाच होता! १९५२ च्या सुमारास ग्रेस हॉपर या विदुषीने युनिव्हॅक यंत्रासाठी जो पहिला संकलक रचला, त्याचे काम खरोखर संकलनाचेच होते. पूर्वी लिहून ठेवलेले आज्ञांचे गट फितीवर साठवलेले असत आणि प्रत्येक गटाला हाक मारण्याचा एक क्रमांक असे. संकलक ते क्रमांक वाचून गट शोधी आणि एकत्र जुळवी. १९५७ मध्ये फोरट्रान भाषा आली, तेव्हा शब्दाचा अर्थ भाषांतराकडे पुरता सरकला.

आपल्या देशात हे पर्व लवकर सुरू झाले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेले टिफ्रॅक यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले आणि १९६४ मध्ये तेथे सीडीसी ३६०० हा परदेशी संगणक आला. त्या काळी आज्ञावली म्हणजे भोके पाडलेल्या पत्त्यांचा गठ्ठा. गठ्ठा हातून निसटून विखुरला की क्रम मोडला, आणि क्रम मोडला की काम बुडाले. माळेतली एक पट्टी उलटसुलट ओवली गेल्यावर काय होते ते विणकराला विचारावे.

पुढे आज्ञावल्या इतक्या वाढल्या, की प्रश्न क्रमाचा न राहता नावांचा झाला. एकाच कार्यालयात दोघांनी ‘हजेरी’ नावाची आज्ञावली लिहिली तर कोणती चालवायची? पेशवे दप्तरात कागद रुमालात बांधून ठेवीत. रुमालाची खूण ठाऊक असेल तरच कागद हाती लागे. १९९५ साली सन मायक्रोसिस्टीम्स या अमेरिकन कंपनीने जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी रचलेली जावा भाषा प्रसिद्ध केली, तिने हीच वाट धरली. (ती कंपनी २०१० मध्ये ओरॅकलच्या ताब्यात गेली.) आज्ञावल्या गासडीत बांधायच्या, गासडीला नाव, आत उपगासडी, तिलाही नाव. प्रत्येक गासडीसाठी संगणकात त्याच नावाचा कप्पा. निरनिराळ्या संस्थांची नावे एकमेकांवर आदळू नयेत म्हणून संस्थेचा महाजालावरील पत्ता उलटा करून गासडीला द्यावा, अशी शिफारसही झाली.

या उलटेपणापाशी मी बराच रेंगाळलो. आपल्या जुन्या कागदांत मौजे, तर्फ, प्रांत अशा क्रमाने लहानाकडून मोठ्याकडे जातात. टपालाच्या पत्त्याचा आणि महाजालाचा क्रमही तोच. परंतु पूजेच्या संकल्पात आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो. आधी द्वीप, मग वर्ष, मग देश, मग नदीचा तीर, आणि शेवटी आपले गोत्र व नाव. जावाचा क्रम संकल्पाचा आहे.

जावाचा संकलक मूळ पाठाचे रूपांतर कोणत्याही एका यंत्राच्या भाषेत करीत नाही. तो एका मधल्या, कल्पित यंत्राच्या भाषेत करतो आणि प्रत्येक संगणकावर त्या भाषेचा एक दुभाष्या बसवलेला असतो. कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. सत्तरच्या दशकात पास्कल भाषेसाठी कॅलिफोर्नियात हा प्रयोग झाला होता. या दुभाष्याला आज्ञा-ओळीवरून बोलवावे लागते. आधी ‘जावा’ हा शब्द, मग मोकळी जागा, मग आज्ञावलीचे पूर्ण नाव, टिंबांनी जोडलेले: ‘शाळा टिंब हजेरी टिंब मुख्य’. दुभाष्या प्रत्येक टिंबाला एकेक कप्पा उघडत आत जातो. म्हणून हाक मारणाऱ्याने ‘शाळा’ हा कप्पा ज्या जागी ठेवला आहे तेथे उभे राहावयाचे, अथवा ती जागा वेगळी सांगावयाची. फाईलच्या नावाचे शेपूट उच्चारावयाचे नाही. रोमन लिपीतील थोरले व धाकटे अक्षर वेगळे मानावयाचे. आपल्या लिपीत असा भेदच नसल्याने आपली मुले येथे हमखास ठेचकाळतात. वास्तविक जावाला नावे देवनागरीतही चालतात, पण हे त्या वर्गात कुणी सांगितले नव्हते.

आमच्या मुलाने केले ते असे: तो सर्वांत आतल्या, ‘हजेरी’च्या कप्प्यात जाऊन उभा राहिला आणि ‘मुख्य’ एवढीच हाक मारली. माणसाला ते स्वाभाविक वाटते. घरात शिरल्यावर कोणी आडनावानिशी हाक मारीत नाही. दुभाष्याला फाईल सापडली, त्याने ती उघडली, तर आत संकलकाने नोंदवलेले नाव होते ‘शाळा-हजेरी-मुख्य’. हाकेतले नाव आणि आतले नाव जुळेना, म्हणून त्याने नकार दिला. पण नकार देताना खरे पूर्ण नाव त्याने त्याच ओळीत, कंसात, छापले होते. उपाय पडद्यावरच लिहिलेला होता. तो वाचण्याचे कष्ट परीक्षकांनी घेतले नाहीत, आणि मुलाला तो वाचायला कोणी शिकवले नव्हते. त्या शून्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पुढे सोयी वाढल्या. १९९७ मध्ये गासड्या एका पेटीत बंद करण्याची, आणि १९९८ मध्ये मुख्य आज्ञावली कोणती याची नोंद पेटीतच ठेवण्याची सोय झाली. २०१८ पासून एकुलती एक फाईल असेल तर वेगळे संकलन न करताही ती चालवता येते. त्या मुलाला यांतले काहीच ठाऊक नव्हते. मी त्याला म्हटले, ‘अरे, दोन पायऱ्या वर ये आणि पूर्ण नावाने हाक मार.’ तो वर आला. एकेक अक्षर जपून त्याने नाव टंकले. त्याच्या वडिलांच्या पाळीतील कामगारांची हजेरी ओळीने पडद्यावर उमटली. त्याने मूळ पाठातील एक अक्षरही बदलले नव्हते.

परीक्षा मात्र पुन्हा झाली नाही.