जीवदानाची चौकट : चित्रकथेतील खलनायक आणि मराठवाड्याचा इतिहास

अतिमानवी नायकांच्या चित्रकथांत एक प्रसंग पुनःपुन्हा येतो. पराभूत खलनायक नायकाच्या हाती सापडतो, नायक त्याला जिवंत सोडतो, आणि काही अंकांनंतर तोच खलनायक परतून नवे बळी घेतो. १९६४ पासून निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधील वेताळावर पोसलेल्या आमच्या पिढीने या जीवदानाकडे नायकाचे औदार्य म्हणूनच पाहिले. हे औदार्य कोणाच्या जिवावर घडते, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. प्रस्तुत लेखात तो मराठवाड्याच्या इतिहासाशेजारी ठेवून पाहावयाचा आहे.

प्रथम या आशयसूत्राचा उगम पाहू. बॅटमनच्या स्वतंत्र मासिकाच्या पहिल्याच अंकात (१९४०) जोकर मरावा, अशी मूळ योजना होती. संपादक व्हिटनी एल्सवर्थ यांनी तो वाचल्याचे दाखविणारी चौकट घालावयास लावली. म्हणजे हे पहिले जीवदान संपादकाचे होते. नायकाचे न मारण्याचे व्रत पुढे दृढ झाले. १९८८ मध्ये जोकरच्या तावडीत सापडलेल्या दुसऱ्या रॉबिनने जगावे की मरावे, याचा कौल वाचकांकडून दूरध्वनीवर मागविण्यात आला. ५,३४३ मते मृत्यूच्या बाजूने पडली, ५,२७१ जगण्याच्या. जोकरच्या मरणाचा प्रश्न मात्र वाचकांपुढे ठेवलाच गेला नाही. मालिकेला खलनायक हवा असतो. बळी बदलता येतात. शिशुपालकथेत क्षमेला निदान शंभर अपराधांची मर्यादा होती. मालिकेच्या कथनात तशी मोजदाद संभवत नाही.

आता इतिहास. जालना जिल्ह्यातील वाटूर, सगळ्या मराठवाड्याप्रमाणेच, हैदराबाद संस्थानात होते. मनमानी जुलमासाठी ‘रझाकारी’ हा शब्द या भागाच्या बोलीत आजही जिवंत आहे. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या ‘पोलीस ॲक्शन’नंतर निजाम मीर उस्मान अली खान शरण आला. त्याला शिक्षा झाली नाही. उलट १९५० ते १९५६ या काळात तो त्याच राज्याचा राजप्रमुख होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी, मूळचा लातूरचा वकील, तुरुंगात गेला. १९५७ मध्ये सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये तेथेच वारला.

या निर्णयांमागे राजकीय शहाणपण नव्हते, असे म्हणता येणार नाही. निजामाच्या शरणागतीने लढाई लांबली नाही, आणि सुरक्षा परिषदेतील तक्रारही त्याने मागे घेतली. रझवीच्या बाबतीत निदान कायद्याची वाट चोखाळली गेली. परंतु येथेच चित्रकथेची चौकट अपुरी पडते. तिच्यात दोघेच मावतात : सोडणारा आणि सुटणारा.

चौकटीबाहेरचे चित्र पंडित सुंदरलाल समितीच्या अहवालात आहे. नेहरूंच्या सांगण्यावरून या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात दौरा केला. पोलीस ॲक्शनच्या काळात आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. मृतांत बहुसंख्य सामान्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली. त्यांच्याविरुद्ध लिहिणारे ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये खून झाला, तेही मुसलमानच होते. या साऱ्याचा सूड सत्ताधाऱ्यापर्यंत पोहोचला नाही. तो हाताशी सापडलेल्या दुबळ्या शेजाऱ्यावर उगवला.

म्हणून बलाढ्य खलनायकाला सोडावे की मारावे, हा प्रश्न केवळ नायकाच्या अंतःकरणाचा मानणे ही समीक्षेचीही चूक ठरते. निजामाला फाशी दिली असती तर हे बळी वाचले असते, असा याचा अर्थ नव्हे. क्षमा आणि शिक्षा या दोहोंचे मोल ज्यांना विचारले गेले नाही त्यांनीच भरले, एवढाच त्याचा अर्थ. १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होते, हुतात्म्यांची नावे घेतली जातात, आणि ती घेतलीच पाहिजेत. परंतु नावाविना गेलेल्यांना आपल्या कथनात जागा कोठे आहे, हे संहिता वाचणाऱ्याने विचारावयाचे असते. चित्रकथेच्या वाचकानेही पुढचे पान उलटण्यापूर्वी तेच विचारावे.