वार्धक्यातील दुर्बलता आणि लघवीवरील ताबा

लघवीवर ताबा न राहणे हा वार्धक्याचा अटळ भाग आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो बरोबर नाही. घरी राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत या तक्रारीचा संबंध मूत्राशयाइतकाच अनेकदा पायांतील बळाशीही असतो.

वैद्यकशास्त्र दुर्बलता ही स्वतंत्र अवस्था मानते. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये तिची पाच लक्षणे मांडली : प्रयत्न न करता घटलेले वजन, थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि अल्प हालचाल. यांपैकी किमान तीन आढळल्यास व्यक्ती दुर्बल समजली जाते. अशा व्यक्तीला लघवीची जाणीव वेळेवर झाली, तरी खाटेवरून उठणे, काठी शोधणे, परसातील शौचालय गाठणे आणि नाडीची गाठ सोडणे यांत वेळ निघून जातो. घाईत पाय घसरतो, प्रसंगी खुब्याचे हाड मोडते आणि अंथरुणाला खिळल्यावर उरलेली शक्तीही ओसरते. लाजेपोटी लग्नकार्याला किंवा देवळात जाणे बंद करणाऱ्यांचीही हालचाल अशीच मंदावत जाते.

अनेक ज्येष्ठ, विशेषतः स्त्रिया, यावर पाणी कमी पितात. हा उपाय उलटतो. लघवी दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढू शकतो. शिवाय बद्धकोष्ठता होऊन मूत्राशयावर दाब येतो.

तक्रार अचानक उद्भवली असल्यास मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, वाढलेली रक्तशर्करा किंवा नव्याने सुरू झालेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, ही कारणे आधी तपासावीत. पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीचीही तपासणी आवश्यक असते. मूत्राशय शांत करणाऱ्या काही औषधांनी वृद्धांना भ्रम होतो, त्यामुळे ती स्वतःहून घेऊ नयेत.

डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये सुचवलेले ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आजही उपयुक्त ठरतात. खुर्चीवरून उठण्याबसण्याचा सराव, ठरावीक वेळी लघवीस जाणे, रात्री वाटेवर दिवा, खाटेजवळ कमोडची खुर्ची आणि नाडीऐवजी इलॅस्टिक, हे उपायही तितकेच मोलाचे आहेत.

वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला असून, जिल्हा रुग्णालयांत ज्येष्ठांसाठी स्वतंत्र सेवेची तरतूद त्यात आहे. तेथे जाताना तीन दिवसांत किती वेळा लघवी झाली, किती वेळा कपडे ओले झाले आणि कोणती औषधे सुरू आहेत, याची नोंद सोबत न्यावी. वृद्ध व्यक्ती संकोचाने गप्प राहिल्यास घरच्यांनीच हा विषय काढावा.