फाळ तिकडचा, कोयता इकडचा

दिवाळी सरता सरता बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतली गावे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी बिऱ्हाड बांधून ऊसतोडीला निघतात. अशा जोडप्याला ‘कोयता’च म्हणतात. त्यांपैकी कितीतरी टोळ्या सांगली जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या फडांत उतरतात. त्याच जिल्ह्यात, पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी आहे. तिथल्या कारखान्याचा इतिहास बीडच्या माणसाने जरूर पाहावा, असे मला वाटते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म 1869 चा. मुंबईत ते चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखता येत नसल्याने ते शिक्षण सोडावे लागले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकी केली. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. तिथे थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह त्यांचे सायकलींचे दुकान होते. त्यातून लहानसा कारखाना झाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र निघाले आणि 1903 मध्ये लोखंडी नांगर.

हा नांगर सहज खपला नाही. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडे नांगर विकायलाच सुमारे दोन वर्षे गेली. हरळी-कुंद्याने भरलेले रान खोल नांगरून निघते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले तेव्हा गिऱ्हाईक वाढले.

तेवढ्यात बेळगावच्या नगरपालिकेने विस्तारासाठी जागा सोडायला सांगितले. मांडलेला संसार मोडायची वेळ आली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ 32 एकर जमीन आणि 10,000 रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे आणि सापांचे माळरान. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी वसली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांनाही लक्ष्मणरावांनी काम दिले, राखणीला ठेवले. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले.

1920 मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, पाणी उपसणारे पंप आले. 1941 मध्ये हरिहरला लेथ यंत्रांचा कारखाना निघाला, तर 1946 मध्ये पुण्याला ऑईल इंजिनांचा आणि बंगळूरला विद्युत मोटारींचा. नदीकाठचे पाणी इंजिन-पंपाने वर चढले, माळ भिजले, ऊस वाढला. हे काही एकट्या किर्लोस्करांनी केले नाही. धरणे आणि सहकारी साखर कारखाने यांचा वाटा मोठा आहे. पण त्या उसात पंपाचाही हिस्सा आहे आणि तो तोडायला आमची माणसे जातात.

आपण मागे का राहिलो, याचे ठरलेले उत्तर म्हणजे ‘आपण निजामाच्या संस्थानात होतो’. 1948 पर्यंत होतो, हे खरेच. पण औंधही संस्थानच होते आणि हैदराबादपुढे अगदी चिमुकले. कुंडलचा माळही आपल्या बालाघाटासारखाच कोरडा. म्हणून हे उत्तर मला अपुरे वाटते. औंधने एका विस्थापित कारागिराला जागा दिली, पैसा दिला आणि मुख्य म्हणजे वेळ दिला. दोन वर्षे माल न खपलेल्या माणसावर कोणीतरी विश्वास टाकला. आपल्याकडे असा विश्वास कोणी कोणावर टाकला?

आजही आपल्याकडे बाहेरून मोठी कंपनी येण्याची वाट पाहिली जाते. किर्लोस्करवाडी मात्र बाहेरून आली नव्हती. ती सायकल दुरुस्त करणाऱ्या, शेतकऱ्याची अडचण ओळखणाऱ्या एका दुकानातून वाढली. अशी दुकाने आपल्याकडेही आहेत. माजलगाव, गेवराई, केजच्या रस्त्यांवर पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगवाले ट्रॉल्या बांधतात, पेरणीयंत्रे जुळवतात, आपल्या काळ्या रानाला सोसतील असे फण बसवतात. त्यांच्यापैकी कोणाला जागा, भांडवल आणि दोन वर्षांचा धीर मिळाला, तर काही कोयते तरी दिवाळीनंतर घरीच राहतील.