दाराशी बांधलेला धाक

आष्टी तालुक्यातील कडा हे अहिल्यानगर-जामखेड रस्त्यावरचे बाजारपेठेचे गाव. मराठवाड्यातील बहुतेक गावांप्रमाणे इथेही राहण्याच्या दोन तऱ्हा आहेत. एक गावठाणातली : भिंतीला भिंत, ओट्याला ओटा, मधून माणूस जेमतेम जाईल असा बोळ. दुसरी शेतातल्या वस्तीवरची : चहूकडे पीक, हाकेच्या अंतरावर घर नाही. आक्रमक कुत्र्याच्या प्रश्नाचा इतिहास पाहू लागलो की तो या दोन तऱ्हांमधल्या अंतराचा इतिहास आहे, असे आम्हांस दिसते. वस्तीवर जो कुत्र्याचा गुण, तोच गावठाणात त्याचा अवगुण होतो. कुत्रा तोच असतो, भुंकणेही तेच असते. बदलते ते समोरून येणारे माणूस. वस्तीवर अपरात्री येणारा बहुधा परका असतो. बोळातून दिवसातून दहा वेळा जाणारा मात्र शेजारी असतो.

वस्तीवरच्या माणसाला तापट कुत्रा का हवा असतो, हे समजून घेतल्याखेरीज या प्रश्नाला हात घालणे अन्यायाचे होईल. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस आष्टी तालुक्यातच काही दिवसांच्या अंतराने सुरुडी, किन्ही आणि पारगाव जोगेश्वरी या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जीव गेले. हा बिबट्या पुढे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात शिरला आणि डिसेंबरात तिथे त्याला गोळी घालण्यात आली. त्या दिवसांत रात्री पिकाला पाणी द्यायला जाणाऱ्याला कुत्र्याचे भुंकणे हीच आगाऊ सूचना होती. ज्याने ते दिवस काढले, त्याला ‘तुमचे कुत्रे फार अंगावर येते’ ही तक्रार स्तुतीसारखी ऐकू आली तर नवल नाही. कडा परिसरातून उसाच्या तोडणीला जाणारी कुटुंबेही हे जाणतात. फडाजवळच्या कोप्या एकमेकींना खेटून असतात. आईबाप पहाटे फडात गेल्यावर मागे राहिलेल्या लहानग्यांची आणि बैलांची राखण कुत्र्याकडे असते. पण कोपीला कुंपण नसते. एका कोपीच्या लेकराचा राखणदार दुसऱ्या कोपीच्या लेकराला चावू शकतो, ही अडचण तिथे रोजची आहे.

आपल्या परंपरेने या तिसऱ्या माणसाकडे फारसे पाहिलेले नाही. आष्टी तालुक्यात सावरगावच्या गडावर मच्छिंद्रनाथांचे स्थान आहे. नाथपंथ ज्या दत्तात्रेयांना गुरुस्थानी मानतो, त्यांच्या पायाशी चार कुत्री असतात आणि त्यांना चार वेदांचे रूप मानले जाते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव तर घराघरांत ठाऊक आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीला छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने धन्याला वाघापासून सावध केले, अशी आख्यायिका सांगतात. या सर्व कथांत कुत्रा आणि देव, कुत्रा आणि संत, कुत्रा आणि धनी असे दोघांचेच नाते आहे. समोर कोणी असलाच तर तो चोर किंवा वाघ. भिंतीपलीकडचा निरुपद्रवी मनुष्य या चित्रात कुठेच नाही. ‘शेजारधर्म’ हा शब्द भाषेत होता, पण कुत्र्याच्या गोष्टींत त्याला जागा मिळाली नाही. शेजाऱ्याचा विचार करणे सरकार आणि कायदा यांच्यावर येऊन पडले.

सरकारचा पहिला मोठा प्रयत्न मुंबईत झाला आणि तो फसला. दाट वस्तीच्या त्या शहरात भटकी कुत्री मारण्याची मुभा देणारा नियम १८१३ पासून होता. १८३२ साली मोहीम वाढवण्यात आली. मारलेल्या कुत्र्यामागे ८ आणे मिळू लागले. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले, घरांच्या आवारांत शिरू लागले. पारशी समाजात कुत्रा पवित्र. मृतदेहावर कुत्र्याची नजर पडणे हा त्यांच्या अंत्यविधीचा भाग. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या सणाच्या दिवशी, शिपायांना मार बसला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद पडला, लष्कराला जाणारी रसद अडली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले. या प्रसंगातून पारशी धर्मभावनेचा बोध घेतला जातो, तो योग्यच आहे. आम्हांस त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सरकारने धोक्याचे मूळ जनावरात शोधले आणि धन्याला हिशेबातून वगळले. कोणता कुत्रा कोणाचा, त्याला कोणी कसे राखले, हा प्रश्न विचारलाच गेला नाही. म्हणून मोकाट कुत्रा आणि दारचा कुत्रा यांत शिपायाला भेद उरला नाही.

तो प्रश्न १८६० च्या भारतीय दंड संहितेने विचारला. तिच्या २८९ व्या कलमाचा रोख जनावरावर नाही, बाळगणाऱ्यावर आहे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभवनीय धोका असताना पुरेशी खबरदारी जाणूनबुजून अथवा हयगयीने न घेणे, हाच गुन्हा. म्हणजे चावा बसेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. धोका ठाऊक असूनही दोर सैल ठेवणे पुरेसे आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. अर्थात कडा तेव्हा निजामाच्या राज्यात होते आणि ही संहिता तिथे १९५१ साली लागू झाली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. त्या संहितेचे २९१ वे कलम जवळजवळ तेच सांगते. दंडाची मर्यादा मात्र ५,००० रुपये झाली आहे.

कायद्याचे शब्द प्रत्यक्षात कसे उतरतात, याची दोन उदाहरणे मुंबईतील दंडाधिकारी न्यायालयांच्या निकालांत सापडतात. २०१० साली एका धन्याने मोटारीचे दार उघडून आपल्या रॉटवायलरला बाहेर येऊ दिले आणि तो ७२ वर्षांच्या नातेवाइकाला चावला. धन्याला तीन महिन्यांची शिक्षा झाली ती जानेवारी २०२३ मध्ये. दुसरा प्रसंग आमच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये वरळीच्या एका इमारतीत लिफ्टमध्ये तान्ह्या मुलासह असलेल्या रहिवाशाने, मूल कुत्र्याला भिते, जरा थांबा, अशी विनंती केली. शेजाऱ्याने ती न जुमानता आपला हस्की आत ओढला आणि कुत्रा त्या रहिवाशाला चावला. मे २०२५ मध्ये धन्याला चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्याने कुत्र्याला ज्या रीतीने ओढले त्यावरून त्याला आपल्या जनावराचीही दया नव्हती, असे न्यायालयाने नोंदवले. हे निरीक्षण आम्हांस महत्त्वाचे वाटते. चावणाऱ्या कुत्र्याच्या बाजूने आणि चावा बसलेल्या माणसाच्या बाजूने एकाच वेळी उभे राहता येते, हे त्यातून दिसते. दोघांवरही अन्याय करणारा हात एकच असतो.

तथापि एका निकालाला बारा वर्षे लागली, दुसऱ्याला सात. गावठाणातला माणूस इतकी वर्षे शेजाऱ्याविरुद्ध तारखा घेत हिंडणार नाही. ज्याच्या ओट्यावर सुखदुःखात जायचे, त्याला कोर्टात उभे करणे म्हणजे दोन घरांचा अबोला मुलानातवंडांपर्यंत नेणे. म्हणून तो गप्प राहतो, वाट बदलतो, मुलांना लांबून शाळेला धाडतो. आणि एखादे दिवशी ओट्याखालचा धोंडा उचलतो किंवा भाकरीत विष कालवतो. कुत्रा मरतो आणि वैर उरते. ज्याने तोंड उघडून ‘बांधून ठेवा’ म्हटले नाही, त्याच्या मौनाचा शेवट असा होऊ शकतो.

शिवाय या मौनात जिवाची जोखीम आहे. रेबीज एकदा अंगात उमटला की त्याला उपाय नाही. उपाय आहे तो आधीच. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस सुरू करणे. हळद, चुना, मिरची यांचा लेप जखमेवर नको. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, ही जुन्या पिढीची धास्ती ज्या लशीमुळे होती, तिचे उत्पादन २००४-०५ च्या सुमारास देशात थांबले. आजच्या लशीची चार-पाच इंजेक्शने दंडात घ्यायची असतात. पण शेजाऱ्याच्या कुत्र्याला वर्षाला लस टोचली आहे की नाही, हे विचारण्याइतके बोलणे दोन घरांत उरलेले असावे लागते.

‘आमचा कुत्रा कोणाला काही करत नाही’ हे वाक्य मराठी घरांत फार सहज बोलले जाते. त्यातला ‘कोणाला’ हा शब्द धन्याच्या नजरेतून आलेला असतो. घरच्या माणसांची यादी संपली की ती नजरही संपते. चोर आणि शेजारी यांतला फरक जनावराला कळत नाही, तो धन्याने कळवायचा असतो : दोराच्या लांबीने, फाटकाच्या कडीने, बोळातून माणूस येताना गळपट्टा हातात धरून. वस्तीवर कुत्र्याला मोकळे सोडणे ही त्याची नेमणूक होती. गावठाणात त्याला आवरून धरणे हे धन्याचे काम आहे. कायद्याने १८६० साली ज्याला खबरदारी म्हटले, त्याला आपल्या भाषेत शेजारधर्म म्हणायला हरकत नाही. त्यासाठी तारीख घ्यावी लागत नाही, दीड हात दोर पुरतो.